केसपेपरवरचा ‘नाही’

ग्रामीण रुग्णालयात शनिवार-रविवारच्या रात्री बाइकवरून पडलेली पोरं येतात. केसपेपरवर व्यसनापुढे बहुतेकदा ‘नाही’ असतं. ते मुलाने सांगितलेलं नसतं. शेजारी उभ्या वडिलांनी किंवा काकांनी सांगितलेलं असतं. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी नोंद, झालेली; दारूचं नाव निघालं तर विम्याचे पैसे बुडतील ही धास्ती. त्यात महाराष्ट्रात 21च्या आत बिअर आणि 25च्या आत दारू कायद्याने बंद. एकोणीस वर्षांचा मुलगा कबूल कशाला होईल?

म्हणून मी दुसऱ्या दिवशी, ड्रेसिंग करताना विचारते. नातेवाइकांना औषधं आणायला पाठवते आणि आधीच सांगते, जिवावरचं काही असल्याशिवाय घरी कळवणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी माझ्या हाताशी असते. 40 पैकी आठ किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचं. पण गाडी दुसऱ्याच प्रश्नाशी अडते : एका वेळी किती ड्रिंक घेतोस?

“एकच, मॅडम.”

एकच म्हणजे एक क्वार्टर! चाचणीतलं एक ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल. 180 मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ते साठेक ग्रॅम असतं, म्हणजे सहा ड्रिंक झाले. स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली चार ड्रिंकच्या बरोबरीची, आणि बिअरला तर ही पोरं दारूत धरतच नाहीत. त्यामुळे मी बाटली कुठली, केवढी आणि कितीजणांत, एवढंच विचारते. हिशेब माझा मी करते.

बोस्टनमध्ये खास किशोरांसाठी बनवलेल्या ‘क्राफ्ट’ चाचणीतला एक प्रश्नही मी उसना घेतलाय : प्यायलेल्या माणसाने चालवलेल्या गाडीवर कधी बसलास का? परवाच्या मुलाने निरागसपणे सांगितलं, “ट्रिपल सीट होतो. सगळ्यांत कमी प्यायलेला होता, त्यालाच चालवायला दिली.”

ह्याचे सतरा गुण भरले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलून चांगला फरक पाडला होता. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आमच्याकडे किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे. तिकडे जा म्हटलं, तर म्हणाला, “तिथं ओळखीच्या पोरी असतात.” मग टाके काढायच्या दिवशी माझ्याच खोलीत बसायचं ठरलं.

आला. सोबत त्या रात्री गाडी चालवणारा मित्रही होता. त्यालाही तेच प्रश्न विचारले. त्याचे गुण ह्याच्यापेक्षा जास्त निघाले.