मूटिए : हद्द बदललेले गाव

बील शहराहून निघालेली गाडी ग्रेनशेन सोडल्यावर एका लांबलचक बोगद्यात शिरते. साडेआठ किलोमीटरांचा हा बोगदा १९१५ साली खुला झाला. शिरताना फलकांवरची भाषा जर्मन असते. बाहेर पडावे तो सारे फ्रेंच. आमच्याकडे भाषा अशी एका बोगद्यात बदलत नाही. बेळगावच्या बाजारपेठेत ती दुकानागणिक, कित्येकदा एकाच दुकानात गिऱ्हाइकागणिक बदलते.

२०२५ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला पुतण्याकडे गेलो होतो. हिमशिखरे सोडून मला मूटिएला कशासाठी जायचे आहे, हे त्या घरात कुणालाच उमगेना. "काका, तिथं पाहण्यासारखं काही नाही हो. यंत्रं बनवणाऱ्यांचं गाव ते," असे पुतण्याने परोपरीने सांगून पाहिले. अखेर सौ. मुलांना घेऊन इंटरलाकेनला गेली आणि आम्ही दोघे या गाडीत बसलो. ज्याचा जन्म सीमाभागात गेला, त्याला हद्द बदलणारे गाव हेच तीर्थक्षेत्र, हे तिला सांगून पटले नसते.

मूटिए हे बीर्स नदीच्या खोऱ्यातले, दोन्ही बाजूंना कड्यांनी आवळलेले, सात हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. नावाचा अर्थ मठ. सातव्या शतकात येथे मठ स्थापन झाला. आज गावाची ख्याती आहे ती स्वयंचलित लेथ यंत्रांसाठी. गावाला जर्मन नावही आहे, 'म्युन्स्टर'. एका गावाला दोन नावे म्हणताच मला घरी आल्यासारखे वाटले.

वाचकांनी एवढे ध्यानी घ्यावे की, तेथले 'कँटन' म्हणजे आपल्या अर्थाने जिल्हे नव्हेत. ती राज्येच. प्रत्येकाची निराळी घटना, निराळे कर, निराळ्या शाळा. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत हा फ्रेंचभाषी जुरा प्रदेश जर्मनभाषी बर्न राज्याच्या पदरात टाकण्यात आला. बर्नने गमावलेल्या मुलखाची ती भरपाई होती. जुरावासीयांना कोणी विचारले नाही. शे-दीडशे वर्षे ही ठसठस राहिली. पुढे चळवळीने जोर धरला, आणि तिला उग्र वळणही लागले. १९८४ साली तर जुराच्या तरुणांनी इंटरलाकेनच्या परिसरातील संग्रहालयातून ८३.५ किलोंचा प्रसिद्ध उन्स्पुनेन धोंडा पळवला! पैलवानांनी फेकायचा तो धोंडा. २००१ साली परत आला, आणि २००५ मध्ये पुन्हा नाहीसा झाला.

धोंड्याची गोष्ट गमतीची, पण मला कौतुक वाटले ते विचारण्याच्या रीतीचे. २३ जून १९७४ रोजी साऱ्या जुराला विचारले : वेगळे राज्य हवे काय? ३६,८०२ होय, ३४,०५७ नाही. मग १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना पुन्हा विचारले. भाषा फ्रेंचच, पण पंथ बहुतांशी प्रॉटेस्टंट. ते बर्नमध्येच राहिले. त्यानंतर हद्दीवरच्या गावांना गावागणिक विचारले. २४ सप्टेंबर १९७८ रोजी साऱ्या देशाने मत दिले, सर्व कँटनांनी होकार दिला, आणि १ जानेवारी १९७९ रोजी जुरा राज्य जन्मले. मूटिए मात्र बर्नमध्येच राहिले.

२०१७ साली गावाने १३७ मतांनी जुराच्या बाजूने कौल दिला. प्रचारातील गैरप्रकार आणि मतदारांच्या रहिवासाविषयीचे संशय यांमुळे तो रद्द झाला. २८ मार्च २०२१ रोजी पुन्हा मतदान झाले : २,११४ विरुद्ध १,७४०. दोन्ही राज्यांच्या मतदारांनी २०२४ साली करारास मान्यता दिली, मग संसदेने. आणि १ जानेवारी २०२६ रोजी मूटिए जुरात गेले. मी गेलो तेव्हा बर्नची शेवटची काही महिने उरलेली सत्ता चालू होती.

नदीकाठच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. पुतण्या दुभाष्या झाला. त्यांनी दर वेळी बर्नच्या बाजूने मत दिले होते, मुलीने जुराच्या. "रविवारी जेवायला ती येते, पण हा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे." गावच्या इस्पितळाचे काय होणार, बर्नच्या कचेऱ्या उठून गेल्यावर त्यांतल्या माणसांनी कोठे जायचे, हा त्यांचा घोर होता. आपण हरलो, हे ते मान्य करीत होते. मन मात्र रमत नव्हते. विजयाच्या बातम्यांत या १,७४० माणसांचा उल्लेख मला क्वचितच आढळला होता.

आपल्याकडे कौल घेतलाच नाही असे नव्हे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला विचारले गेले, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा महाराष्ट्रात न जाता वेगळा राहिला. कित्येक मराठी घरांना तो कौल बोचला, तरी सर्वांनी मानला. पण एरवी घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये राज्याची हद्द संसद साध्या बहुमताने बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे मात्र लागत नाही. २०१४ साली आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगण झाले. फाळणीच्या धगीत, शेकडो संस्थाने विलीन करीत असता, केंद्राच्या हाती हे शस्त्र देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. सत्तर वर्षांत महाजन आयोग झाला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, बेळगावात विधानसौध उभा राहिला. पण गावागणिक कुणी दार ठोठावले नाही. ठोठावले असते तर उत्तर माझ्या मनासारखे आले असते, अशी खात्री मला तरुणपणी होती. आता आमच्याच गल्लीतली मुले कन्नड शाळांतून शिकून कन्नडमध्ये भांडतात, तेव्हा ती तितकीशी उरलेली नाही.

निघताना त्या गृहस्थांनी विचारले, "तुमचं राज्य कोणतं?" पुतण्या झटकन म्हणाला, "महाराष्ट्र." मी म्हणालो, "कर्नाटक." त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिले, हातातली काठी बाजूला ठेवली आणि बाकावर आम्हांला जागा करून दिली. आमची तीनची गाडी चुकली.