नॉर्मंडीच्या गोठ्यातली मालमोटार

वाचकहो, गोठ्यात गायी असाव्यात, वासरे असावीत, फार तर कोपऱ्यात एखादा ट्रॅक्टर उभा असावा. पण ज्या गोठ्याची हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे, तिथे गायींच्या शेजारी दहा चाकांची लष्करी मालमोटार उभी होती, आणि घरात तिचा मान गायींपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

हे गाव फ्रान्स देशातल्या नॉर्मंडी प्रांतात आहे. पॅरिसच्या सेंत-लाझार स्टेशनावर शेर्बूरची गाडी पकडायची आणि कारांताँला उतरायचे. उतरल्यावर दोन्ही बाजूंना हिरवेगार चराऊ रान, सफरचंदाच्या बागा आणि डोळ्यांभोवती काळपट-तपकिरी ठिपके असलेल्या धिप्पाड गायी. पण तुमची नजर खिळेल ती बांधांवर. आपल्याकडे बांध कोरण्यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो. इथले बांध छातीइतके उंच, त्यांवर झाडेझुडपे माजलेली. कोरायची कोणाची छाती आहे! 1944 च्या उन्हाळ्यात याच बांधांनी रणगाडे अडवून धरले होते.

त्या वर्षी 6 जूनला दोस्त राष्ट्रांचे सैन्य या किनाऱ्यावर उतरले. उतरले खरे, पण लाखो माणसांना रोज भाकरी, पेट्रोल आणि दारूगोळा पोचवायचा कसा? शेर्बूरचे बंदर जर्मनांनी निकामी करून ठेवलेले, आणि रेल्वे दोस्तांच्याच विमानांनी बाँब टाकून मोडलेली. मग सगळा भार पडला मालमोटारींवर. 25 ऑगस्टपासून 16 नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकांची अखंड रांग रात्रंदिवस धावत होती. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, आणि मध्ये दुसऱ्या कोणी यायचे नाही. चालवणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश काळे अमेरिकन शिपाई होते. त्यांच्याच सैन्यात त्यांची पलटण वेगळी, जेवणाची पंगत वेगळी. पण आघाडीवरच्या गोऱ्यांची भूक भागत होती ती या पोरांच्या हातांनी. ही गोष्ट मुद्दाम लिहितो आहे, कारण किनाऱ्यावरच्या समारंभांत ती फार थोडक्यात उरकली जाते.

त्या रांगेतला मुख्य ट्रक म्हणजे अमेरिकेच्या जीएमसी कंपनीचा अडीच टनी. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, तिन्ही अॅक्सलना जोर, त्यामुळे चिखलातून रेड्यासारखा वाट काढणारा. असे पाच लाखांहून अधिक ट्रक बांधले गेले. युद्ध संपल्यावर त्यांतले कित्येक युरोपातच राहिले. फ्रेंच सैन्याने पुष्कळ वापरले, बाकीचे विक्रीला निघाले. आपल्याकडेही त्या काळी डिस्पोजलचा माल निघायचा, तसेच समजा.

माझ्या यजमानांच्या वडिलांनी असाच एक घेतला. पुढे लोखंडी दोर गुंडाळायची विंच होती, म्हणून घेतला. त्याने रानातले ओंडके ओढले, गवताच्या गंज्या वाहिल्या, एकदा लग्नाचे वऱ्हाडही नेले. पुढे ट्रॅक्टर आला आणि याला गोठ्याचा कोपरा मिळाला. एका कडाक्याच्या थंडीत इंजिनातले पाणी काढून टाकायचे राहिले. पाण्याचा बर्फ झाला, तो फुगला आणि ब्लॉकला चीर गेली. तो नळ उघडायचे काम धाकट्या मुलाचे होते. तो धाकटा मुलगा म्हणजेच आजचे आमचे यजमान, वय सत्तरीच्या पुढे. वडील त्यांना एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच त्यांच्या मनात राहिले.

वडील वारल्यावर भंगारवाला दोनदा दारात आला. दोन्ही वेळा यांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवले आणि स्वतः पाना हातात घेतला.

सात वर्षे लागली, मंडळी. दुसऱ्या एका मोडक्या ट्रकाचा ब्लॉक मिळाला, पण त्याचे पिस्टन गंजून जाम झालेले. प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल ओतायचे, आठवडाभर थांबायचे, हँडल हळूच हलवून पाहायचे. हिसका दिला की रिंगा मोडल्याच म्हणून समजा. तीन महिन्यांनी एके सकाळी हँडल बोटभर फिरले. टाकीतून डांबरासारखा गाळ निघाला. ब्रेकच्या रबरी वाट्या, नळ्या, वायरी, सगळे नवे. सुटे भाग अजून मिळतात, कारण गाड्याच इतक्या बनल्या होत्या. मात्र खिसा रिकामा होतो. वरचे कॅनव्हासचे छप्पर बाईंनी घरच्या शिलाई मशीनवर शिवले. किती सुया मोडल्या ते त्या अजून ऐकवतात.

आणि दुरुस्ती झाली म्हणजे सुटलो असे नाही. या गाडीला उभे राहणेच बाधते. म्हणून दर पंधरवड्याला ती तासभर बाहेर काढायची, इंजिन पुरते तापू द्यायचे. निपले पुसून ग्रीस भरायचे. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर दात कडकडतात. लिटरला जेमतेम तीन किलोमीटर! त्यात हल्लीचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खाते, म्हणून त्याही जपायच्या. आमच्याकडे इथेनॉल उसापासून होते, असे मी सांगितले, तेव्हा म्हातारबुवा हसून म्हणाले, “म्हणजे माझ्या नळ्या तुम्हीच खाता!”

मी जरा भीत भीतच विचारले, “युद्धाची गाडी इतकी सजवायची, हे बरे दिसते का?” माझ्या मनात ही शंका होतीच. जूनमध्ये या भागात सैनिकांचा जुना वेश घालून मिरवणारे हौशी लोक शेकड्यांनी येतात, आणि त्यांतल्या काहींचा उत्साह मला खटकला. इथल्या मातीत हजारो कोवळी पोरे पुरलेली आहेत.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या घरी हिने चार महिने दारूगोळा नाही वाहिला. वीस वर्षे लाकूड वाहिले. मी तीच गाडी उभी केली.” खरोखरच, इतर हौशी मंडळींच्या ट्रकांवर पांढरा तारा असतो. यांच्या ट्रकाच्या दारावर मात्र वडिलांनी रंगवलेले गावाचे नाव तसेच ठेवले आहे. त्यावरून रांगेतले जाणकार त्यांना टोमणे मारतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच ट्रकातून सेंत-मेर-एग्लीजला गेलो. गावात एक मैलाचा दगड आहे, त्यावर शून्य आकडा. तिथून बेल्जियममधल्या बास्तोन्यपर्यंत अकराशेहून अधिक किलोमीटर असे दगड लावलेले आहेत. रांगेत पन्नासेक गाड्या असतील. हौद्यातल्या बाकावर बसून पाठीची जी दैना झाली, ती सांगत नाही.

परतल्यावर बुवा गुडघे धरून खाली बसले; त्यांना आता गाडीखाली जाववत नाही. मुलगा पॅरिसला नोकरीला आहे, त्याला यात रस नाही. ग्रीसची पिचकारी घेऊन चाकामागे शिरली ती बारा वर्षांची नात. आतून तिचा आवाज आला, “आजोबा, डावीकडची झाली. आता कुठली?”

बुवांनी काठी टेकली आणि वाकून तिला दाखवू लागले.