भिंगाची निवड

अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या वाळवंटांतील दऱ्या पाहावयास निघतांना कॅमेऱ्यास कोणतें भिंग लावावें, हा प्रश्न मजपुढें उभा राहिला. वडिलांनीं दिलेलें २०० मिलिमीटरचें भिंग मला अति प्रिय. तें दूरचें जवळ आणतें. परंतु अँटिलोप घळींत वालुकाश्माच्या भिंती इतक्या जवळ येतात, कीं तेथें त्याचें कांहीं चालत नाहीं. शिवाय वरून बारीक वाळू गळत असते. आंत भिंग बदलूं गेल्यास ती कॅमेऱ्यांत शिरते. तेव्हां नव्हाहो वाटाड्याबरोबर आंत जाण्यापूर्वींच एक भिंग चढवावें व तेंच ठेवावें, हें उत्तम. मीं मन घट्ट करून वडिलांची देणगी पेटींत ठेविली व १६ मिलिमीटरचें रुंद भिंग लाविलें. अरुंद घळीची उंची त्यांतच मावली.

पुढें ग्रँड कॅन्यनच्या कांठावर मात्र उलट प्रकार. ४४६ किलोमीटर लांबीची ती दरी रुंद भिंगांतून पाहिली, तर पलीकडचे कडे अगदींच खुजे दिसतात. तेथें पेटी उघडली. वडिलांच्या भिंगानें खडकांचा एकेक थर वेगळा करून दाखविला. वाचकहो, प्रिय वस्तु बाजूस ठेवणें म्हणजे तिचा अव्हेर नव्हे. तिची वेळ ओळखणें होय.