चुकीची नोंद

छत्तीस वर्षांच्या बँकेतील नोकरीत एक शिस्त अंगी बाणली होती : तपासल्याविना कोणत्याही कागदावर स्वाक्षरी करायची नाही. हीच शिस्त बोलण्याला मात्र मी कधी लावली नाही. त्याची जाणीव सहावीत शिकणाऱ्या नातवाने करून दिली.

गेल्या दिवाळीत आम्ही मुलीकडे मुंबईस गेलो होतो. जुहूच्या किनाऱ्यावर ओहोटी पाहून नातवाने विचारले, "आजोबा, पाणी इतके मागे गेले आहे. सुनामी तर येणार नाही ना?" मी हसून म्हणालो, "अरे, ही रोजची ओहोटी. आणि आपल्या अरबी समुद्रात सुनामी येतच नाही." पहिले वाक्य खरे होते. दुसरे मी नुसते ठोकून दिले होते.

संभाजीनगरला परतल्यावर त्याने शाळेच्या प्रकल्पात तेच वाक्य लिहिले आणि वही तपासण्यासाठी माझ्यापुढे ठेवली. जुनी सवय जागी झाली. मी माहिती शोधू लागलो आणि ओशाळलो.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील बलुचिस्तानलगत, सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लाटांनी तेथील किनाऱ्यावर हाहाकार माजवला आणि सकाळी आठच्या सुमारास त्या मुंबईस पोहोचल्या. सुमारे दोन मीटर उंचीच्या त्या लाटांनी मुंबईत पंधरा जणांचे प्राण घेतल्याची नोंद आहे. त्यांत वर्सोव्याचेही लोक होते. आम्ही उभे होतो तेथून वर्सोवा फार लांब नाही!

मग नातवाला जवळ बसवून परातीत पाणी घेतले. फुंकर घातली, तेव्हा केवळ वरचे पाणी थरथरले. ही वाऱ्याची लाट. नंतर परातीची कड खालून एकदम उचलली, तेव्हा सगळेच पाणी उसळून काठाबाहेर पडले. ही सुनामी. पृथ्वीच्या कवचाचा एक खंड दुसऱ्याखाली सरकताना अडकतो, ताण वर्षानुवर्षे थकबाकीसारखा साचत जातो आणि एके दिवशी समुद्राचा तळच उचलला जातो. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने धावते, पण जेमतेम जाणवते. उथळ किनाऱ्याशी वेग मंदावतो आणि उंची वाढते.

१९४५ मध्ये भूकंप आणि मुंबईतील लाट यांत जवळपास पाच तासांचे अंतर होते, परंतु सावध करणारी यंत्रणा नव्हती. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा सुमारे दोन तासांनी आल्या, तेव्हाही ती नव्हती. त्या आपत्तीत अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादेत भारताचे सुनामी इशारा केंद्र सुरू झाले.

त्याच दिवशी थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्रज मुलगी होती. समुद्राचे पाणी फेसाळून विचित्र वागत असल्याचे पाहताच तिला भूगोलाचा धडा आठवला. तिने आईवडिलांना सांगितले, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली. तिच्या आजोबांनी माझ्यासारखे उत्तर दिले असते तर?

बालमित्रांनो, किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हादरली, पाणी भरती-ओहोटीची वेळ नसताना एकाएकी मागे हटले किंवा समुद्रातून मोठी गर्जना ऐकू आली, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागी जा. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नका. पुढच्या लाटा अधिक मोठ्या असू शकतात.

नातवाने वहीतील ते वाक्य खोडून १९४५ ची हकीकत लिहिली. माझ्या प्रमादासाठी संवत्सरीची वाट न पाहता मी त्याला त्याच संध्याकाळी म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्."

तो म्हणाला, "ते ठीक आहे, आजोबा. पण आत्या समुद्राजवळ राहते. तिला सांगितले का?"

मी फोन हाती घेतला.