म्हाळुंगाशी पहिली गाठ

म्हाळुंग पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्याचं काय करायचं तेच मला कळेना. पिवळंधमक, खडबडीत, ओंजळीत जेमतेम मावणारं. वास घरभर दरवळलेला. चिरलं तर कोडं आणखीच वाढलं. बोटभर जाड पांढरी साल आणि मध्ये बियांनी भरलेल्या इवल्याशा फोडी. पिळून चमचाभर रस निघाला. मग एवढ्या मोठ्या फळात खायचं ते काय?

कोकणातल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगो, रस कसला शोधतेस? ह्याची साल खायची असते.’’ त्यांनी वरची पिवळी साल पातळ सोलून काढली. उग्र तेल तिच्यातच असतं. आतल्या पांढऱ्या भागाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. करकरीत, किंचित गोडसर, आंबटपणाचा मागमूस नाही! लिंबाच्या कुळातलं फळ असं लागतं, हे खाऊनही खरं वाटेना.

पाक करायचा तर हे तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, सकाळी धुऊन उकडायचे, ते पाणी ओतून द्यायचं आणि साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजू द्यायचे. पांढरे तुकडे हळूहळू पारदर्शक होत जातात. शेवटी तो चमचाभर रस घालायचा, म्हणजे पाक साखरत नाही. तोंडाला चव नसली, मळमळत असलं की हा पाक द्यायची जुनी रीत आहे. आयुर्वेदातलं मातुलुंग ते हेच.

पुढे वाचत गेले आणि पुन्हा चक्रावले. मी ज्याला लिंबाचा कुणी लांबचा नातलग समजत होते, ते लिंबाचा बाप निघालं. जनुकीय अभ्यास सांगतो की पिवळं मोठं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू, दोन्ही संकरांत पितृवृक्ष म्हाळुंगच. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्य भारतात ते रानात वाढतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातातही म्हाळुंगच आहे. आपण नमस्कार करतो, पण तिच्या हातातलं फळ ओळखणारे किती?

बाजारात ते क्वचितच दिसतं, म्हणून ते परसातच टिकायला हवं. छाट कलमानं ते सहज रुजतं. थोडी जागा असेल त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर कुणाकडून तरी एक फांदी मागून आणावी. काकूंकडची फांदी मी लावली आहे. तिला जांभळट कोंब फुटले आहेत.