दिसलं तेवढंच लिहा

खाकी उतरवल्यावर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी मी गुन्हेकथा लिहू लागलो, तेव्हा सगळ्यांनी चकमकींचे किस्से मागितले. पण पोलिसाजवळ लेखक म्हणून खरं भांडवल असतं ते पंचनाम्याचं.

पंचनाम्यात ‘सोन्याचं मंगळसूत्र’ लिहायचं नसतं. ‘पिवळ्या धातूचं, काळे मणी असलेलं’ असं लिहायचं. भिंतीवर रक्त उडालेलं असलं तरी ‘रक्तासारखे डाग’ एवढंच. ते रक्तच आहे का, हे नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल सांगणार. प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला, कडी आतून की बाहेरून, चुलीतली राख गरम की गार, सगळं टिपायचं आणि अंदाज बाजूला ठेवायचा. कथेतही मी तेच करतो. साक्षीदार घाबरला असं लिहीत नाही. तो शर्टाची एकच गुंडी पुन्हा पुन्हा लावतो-काढतो, एवढं लिहितो. वाचकाला बाकीचं कळतं.

सिनेमात आरोपी ठाण्यात गुन्हा कबूल करतो आणि गोष्ट संपते. प्रत्यक्षात पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 सुद्धा तेच सांगतं. आरोपीच्या सांगण्यावरून विहिरीतून कुऱ्हाड निघाली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य. म्हणून माझ्या कथेत खरी धावपळ कबुलीनंतर सुरू होते. दोन पंच मिळवायचे, गाळ उपसायचा, कुऱ्हाडीला लाखेचं सील लावायचं, मग वर्षानुवर्षं तारखा. तोवर एखादा पंच फितूर झालेला असतो.

पोलिसाने गुन्हेकथा लिहायची ही वाट जुनी आहे. कलकत्ता पोलिसांतले प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी 1892 पासून ‘दारोगार दप्तर’ ही तपासकथांची बंगाली मालिका चालवली. लॉस एंजेलिसच्या जोसेफ वॉम्बॉ यांनी नोकरीत असतानाच 1971 मध्ये पहिली कादंबरी छापली. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांनी या वाचनाची गोडी लावली, पण ते पोलीस नव्हते. आपल्याकडे पुढे पोलीस महासंचालक झालेले रमाकांत कुलकर्णी यांनी तपासांवर पुस्तकं लिहिली. ज्याच्या गुन्ह्यांचा तपास त्यांच्या हाताखाली झाला, तो मुंबईतला मालिका खुनी रमण राघव 1968 च्या ऑगस्टमध्ये सापडला, तो एखाद्या गुप्तहेराच्या चमकदार तर्काने नव्हे. फौजदार ॲलेक्स फिआल्हो यांनी त्याला रस्त्यात ओळखलं. त्याआधी संशयावरून धरून पुराव्याअभावी त्याला सोडलंही होतं. धरलेला माणूस सुटतो, ही पोलिसाची खरी वेदना, आणि कथेचा खरा विषयही तोच.

आमचा वर्धा दारूबंदीचा गांधी जिल्हा. इथे नाल्याकाठी मोहाचा सडवा सांडताना ज्याने भट्टीवाल्याची पोरं बघितली, त्याला काळा-पांढरा खलनायक रंगवता येत नाही.

निवृत्त सहकाऱ्यांनो, लिहा. नाव, गाव, नातं बदला. मेलेल्याच्या घरच्यांना आपली जखम छापलेली दिसू नये. आपली बहादुरी वाढवू नका. उकल झाली नसेल, तर झाली नाही असंच लिहा. फाइलमध्ये जे मावलं नाही ते सांगायला दुसरं कोणी येणार नाही.