मांडीतला स्नायू, दंडातलं काम

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे मावळातली सगळी मोटरसायकलींची वर्दळ जुन्या हमरस्त्यावर येते. तळेगाव एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली पोरं, दुधाच्या किटल्या लावलेले शेतकरी, गुरुवारी शिरगावच्या प्रतिशिर्डीला चाललेली जोडपी, सगळे याच रस्त्यावर. परंदवडीचा माणूसही सोमाटणे फाट्याशी याच गर्दीत शिरतो. गाडी घसरली की दुचाकीस्वार पुष्कळदा खांद्यावर आपटतो. हेल्मेट असलं तर डोकं वाचतं. पण खांदा खाली दाबला जातो, मान उलट्या बाजूला फेकली जाते आणि मधली जागा एका क्षणात ताणली जाते. हाताच्या सगळ्या नसा नेमक्या त्या जागेतून जातात.

पाच मुळं आहेत त्यांची. मानेतली पाचवी ते आठवी आणि छातीतली पहिली. गळ्याच्या बाजूला ती एकमेकांत मिसळतात, फुटतात, पुन्हा मिसळतात आणि गळ्याच्या हाडामागून काखेत उतरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं मुख्यतः वरच्या दोन मुळांवर चालतं. मूठ आणि बोटांची बारीक कामं खालच्या दोन मुळांवर. वरची मुळं तुटली तर हात खांद्यातून लोंबतो, पण मूठ वळते. पाचही तुटली तर हात नुसता अंगाला टांगलेला राहतो, आणि बरेचदा त्याच निर्जीव हातात रात्र-रात्र आग आणि करंटसारखी कळ असते.

गावाकडे म्हणतात, हात लुळा पडला. सोबत हाड मोडलेलं असेल तर ते एक्स-रेत दिसतं, प्लेट बसते किंवा प्लास्टर होतं आणि घरच्यांचं सगळं लक्ष तिकडे लागतं. नस एक्स-रेत दिसत नाही. मग शेक, तेल, मालिश, कुणीतरी सुचवलेला हाडवैद्य. ‘नस दबलीय, येईल हळूहळू’ हे वाक्य ऐकलं नाही असा रुग्ण क्वचितच सापडेल. ते वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच घातक आहे. ज्यांची नस फक्त ताणली गेली आहे त्यांचा हात खरोखर आपोआप परततो, आणि जाणते सर्जनसुद्धा साधारण तीन महिने वाट पाहतात. पण ती वाट तारीख घालून, दर भेटीत स्नायू तपासून पाहिलेली असते.

यामागचं गणित सरळ आहे. तुटलेली नस जोडली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गळ्यापासून दंडातल्या स्नायूपर्यंत पंचवीस-तीस सेंटिमीटर धरले तर तिथं पोचायला आठ ते दहा महिने लागतात. इकडे नसेविना पडून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात सुकतो, तंतू आणि चरबीनं भरतो, आणि नंतर नस येऊन पोचली तरी तिला घेत नाही. अपघातानंतर नवव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली तर नस दंडात पोचणार सतराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात. मावळातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या इंद्रायणी भाताचं रोप वेळेत उपटून चिखलात लावलं तर फुटवे धरतं. तेच तरव्यात जून झालं की कितीही निगुतीनं लावणी केली तरी खाचर विरळ राहतं.

तपासणीत सर्जन हाताआधी डोळा पाहतो. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आली असेल, बाहुली लहान झाली असेल, तर सर्वांत खालचं मूळ मज्जारज्जूतूनच उपटलं गेल्याची ती खूण. मग गळ्याच्या हाडाच्या वर बोटानं हलके ठोकायचं. हाताकडे मुंग्या धावल्या तर मूळ मज्जारज्जूला अजून धरून आहे, तुटलंय ते पुढे कुठेतरी. त्या टोकाचा उपयोग होऊ शकतो. शेवटी खांदे उडवायला सांगायचं. हात पूर्ण लुळा असलेला माणूसही खांदा वर उडवू शकतो, कारण तो उचलणारी नस या जाळ्यातून येतच नाही. ती सापडली की सर्जनला बरं वाटतं. पुढे तीच कामाला लावायची असते.

या कामात नवी शक्ती कुठून तयार करता येत नाही. शरीरात जे चालू आहे त्यातलं काय काढलं तर कमीत कमी बिघडेल आणि जिथं नेऊ तिथं जास्तीत जास्त मिळेल, एवढंच ठरवायचं असतं. सर्जनचा खरा कस इथं लागतो, टाक्यांत नव्हे. फ्रेंच सर्जन क्रिस्तोफ ओबर्लँ यांनी 1994मध्ये मांडलेली युक्ती पाहावी. वरची मुळं तुटली आहेत, मूठ शाबूत आहे. दंडाच्या आतल्या बाजूनं मुठीकडे जाणारी अल्नर नस उघडायची. तिच्यात अनेक धाग्यांचे जुडगे असतात. बारीक विद्युत्-स्पर्शानं एकेक जुडगा जागवून पाहायचं, मनगट वाकवणारा निवडायचा, बोटांचे सोडून द्यायचे. तो एक जुडगा कापून शेजारच्याच बायसेप्सच्या फांदीला जोडायचा. नसेला आता तीस सेंटिमीटर चालायचं नाही, काही सेंटिमीटरच चालायचंय. मुठीचं बळ फारसं कमी होत नाही आणि काही महिन्यांत कोपर वाकू लागतं.

पाचही मुळं गेली तर दाता जाळ्याबाहेर शोधावा लागतो: खांदा उडवणारी नस, फासळ्यांमधल्या श्वासाच्या नसा, कधी दुसऱ्या, धडधाकट बाजूचं सातवं मूळ. हा शेवटचा धाडसी मार्ग शांघायच्या गु युडाँग यांनी 1986मध्ये प्रथम वापरला. ते मूळ इकडच्या नसेशी थेट जोडावं की मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा घालावा, यावर पुण्याचे डॉ. अनिल भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017मध्ये शोधनिबंध लिहिला. मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते आणि कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजा सबापती यांनीही या दुखापतींवर दीर्घकाळ काम केलंय. परंदवडीच्या मुलासाठी हे महत्त्वाचं अशासाठी की ज्या हातांना हे काम येतं ते फक्त परदेशात नाहीत, पुण्यातही, लोकलच्या अंतरावर आहेत.

नसेसारखा स्नायूही एका जागेहून दुसरीकडे नेता येतो. महाराष्ट्राला ही विद्या हाताच्या शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप येण्याआधीपासून ठाऊक आहे, आणि ती आली कुष्ठरोगाच्या वाटेनं. कुष्ठरोगात कोपराजवळची अल्नर नस मरते, बोटं आत वळून पंजा होतो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर स्नायूंचं स्थलांतर सुरू केलं. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अँटिया परत आल्यावर पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात याच कामाला लागले आणि पुढे मुंबईच्या जे.जे.त त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. प्लास्टिक सर्जन म्हणून श्रीमंतांची नाकं नीट करण्यात त्यांचं आयुष्य सहज गेलं असतं. त्यांनी ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्यांचे हात हातात घेतले. हे विसरता कामा नये.

अँटियांनी 1969मध्ये ज्यावर निबंध लिहिला तो पामारिस लाँगस हा स्नायू वाचकाला आत्ता स्वतःवर पाहता येईल. अंगठा करंगळीला टेकवायचा आणि मनगट थोडं आत वाकवायचं. मनगटाच्या मधोमध जी दोरी उठून दिसते ती त्याची कंडरा. काहींच्या हातात ती नसतेच, आणि त्यांचं आयुष्यभर काही अडत नाही. म्हणजे हा स्नायू काढून घेतला तर हात तक्रार करत नाही. त्याच्या टोकाला चार शेपट्या जोडून एकेक बोटाला नेली, की वळलेला पंजा उघडायला मदत होते.

पण शेजारी काही जिवंत उरलंच नसेल तर? दोन वर्षं गेली, दंडातला स्नायू संपला, पाचही मुळं गेली. अशा हातासाठी मांडीतला ग्रॅसिलिस येतो.

हा मांडीच्या आतल्या कडेचा लांब, सडपातळ स्नायू. जांघेच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. त्याचं काम इतर स्नायू सांभाळून घेतात, चालण्यात फरक पडत नाही. एक तुकडी मांडीवर, दुसरी खांद्यावर काम करते. कापण्याआधी पाय बाजूला ताणून स्नायूवर दर पाच सेंटिमीटरला एक टाका खुणेसाठी घालतात. ही साधी गोष्ट, पण तिच्यावर सगळं अवलंबून असतं. सुटा झालेला स्नायू बराच आखडतो. दंडात बसवताना त्या खुणांमधलं अंतर पुन्हा पाच सेंटिमीटर होईपर्यंत तो ताणायचा. ढिला राहिला तर आकसूनही कोपर उचलत नाही. फार ताणला तरी जोर जातो. वरचं टोक गळ्याच्या हाडाला, खालचं बायसेप्सच्या कंडरेला. मग मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक नायलॉननं धमनी, शीर आणि नस जोडायची. चिमटे सुटतात तेव्हा करडा पडलेला स्नायू डोळ्यांदेखत गुलाबी होतो. त्याच्यावर मांडीच्या कातडीचा एक लहान तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो. पहिले काही दिवस नर्स त्याचा रंग पाहत राहतात, कारण आतल्या रक्ताची खबर तिथूनच कळते.

जपानचे काझुतेरू दोई तर दोन्ही मांड्यांतले ग्रॅसिलिस घेतात, दोन टप्प्यांत. एक कोपर वाकवतो आणि बोटं उघडतो, दुसरा बोटं मिटतो. पूर्ण लुळ्या हाताला पकड देण्याचा हा मार्ग लांबचा आहे.

यानंतर तीन-चार महिने काहीच घडत नाही. घरच्यांचा धीर इथंच सुटतो, आणि याच काळात रोजचं काम सर्वांत जास्त असतं. सांधे आखडू नयेत म्हणून बोटं, मनगट, कोपर, सर्जननं परवानगी दिली तितकं, दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. बहुतेक घरांत हे आई नाहीतर बायको करते. तिचं नाव शस्त्रक्रियेच्या अहवालात नसतं.

मग एके दिवशी फिजिओथेरपिस्टच्या बोटांखाली काहीतरी फडफडतं. डोळ्यांना दिसत नाही, स्पर्शाला कळतं. फासळीची नस जोडलेली असेल तर थेरपिस्ट सांगते, “श्वास घे खोल. रोखून धर. आता कोपर वाकव.” कारण मेंदूतली श्वासाची आज्ञाच आता दंडात पोचते. ओबर्लँची शस्त्रक्रिया असेल तर “मूठ घट्ट आवळ, मनगट वाकव.” फासळीच्या नसेवर चालणारा हात खोकला आला, शिंक आली तर आपोआप उडतो. रुग्ण आधी दचकतो, नंतर हसतो. सुरुवातीला हात टेबलावर आडवा ठेवून, खाली टाल्कम पावडर भुरभुरून घसरवतात, म्हणजे वजन उचलावं लागत नाही. मग हळूहळू उभा. स्नायूची ताकद शून्य ते पाच मोजतात. स्वतःच्याच वजनाविरुद्ध हात उचलला तर तीन, थेरपिस्टनं दाबून धरल्यावरही वाकवला तर चार. तीनवरून चारवर जायला कित्येक महिने जातात. बेगडेवाडीहून लोकल पकडून पुण्याला यायचं, अर्धा-पाऊण तास सराव करायचा, घरी जाऊन तोच रोज अनेकदा करायचा.

आणि मग, कुणाच्या ध्यानात येण्याआधी, तो श्वास न रोखताच पाण्याचा पेला उचलतो. बोलता बोलता. मेंदूनं नवी वाट आपली करून घेतलेली असते. सर्जननं जुळणी केली, पण ही वाट पडली ती रुग्णाच्या सरावानं. म्हणूनच शस्त्रक्रियेचं यश किती, हे टाके काढताना सांगता येत नाही.

काय परत येत नाही तेही रुग्णाला आधी सांगायला हवं. बोटांची शिवणकामासारखी बारीक हालचाल बहुधा येत नाही. कातडीची जाणीव स्नायूसोबत येत नाही. हलता पण बधिर हात चुलीवर, सायलेन्सरवर भाजतो आणि कळत नाही. ब्रँड आणि अँटियांच्या रुग्णांनी हे आधीच भोगलंय. पण काटकोनात वाकून टिकणारं कोपर असलं की हातावर पिशवी अडकवता येते, भाकरीची परात धरता येते, शर्टाचं बटण लावताना दुसऱ्या हाताला सोबत मिळते.

या सगळ्याची सुरुवात मोठ्या रुग्णालयात होत नाही. ती होते जिथं जखमी पहिल्यांदा आणला जातो त्या तळेगाव-वडगावच्या दवाखान्यात, जिथं हाड बसवून घरी सोडतात. तिथल्या कार्डावर चार ओळी हव्यात: खांदा उचलला का, कोपर वाकवलं का, बोटं उघडली का, मूठ वळली का. तारखेसह. हीच तपासणी सहा आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी. तिसऱ्या महिन्यातही कोपर वाकत नसेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवून ते कार्ड घेऊन हाताच्या सर्जनकडे जायचं, त्याच आठवड्यात.